नावावरून फाइल निवडणे : वगळण्याचे आणि नाव बदलण्याचे नियम

एका फोल्डरमध्ये चारशे फाइली आहेत. त्यांतल्या फक्त छायाचित्रांची नावे बदलायची आहेत, आणि तात्पुरत्या फाइली बॅकअपमध्ये जाऊ द्यायच्या नाहीत. एकेका फाइलीवर क्लिक न करता हे संगणकाला कसे सांगायचे? त्यासाठी ‘नमुना’ वापरतात. नमुना म्हणजे नावाचे अर्धवट वर्णन: काही अक्षरे ठरलेली, काही जागा मोकळ्या. ज्या फाइलीचे नाव त्या वर्णनात बसेल तिला नियम लागू होतो, बाकीच्यांना नाही. फाइलीच्या आत काय लिहिले आहे, ती किती मोठी आहे, कोणी केली, याच्याशी नमुन्याला कर्तव्य नसते. तो फक्त नाव वाचतो. या विषयातल्या निम्म्या सोयी आणि जवळजवळ सगळ्या फजित्या यातून निघतात.

या प्रकरणात फाइलींची नावे, विस्तार (नावातला शेवटच्या टिंबापुढचा भाग) आणि कमांड नागरी लिपीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात कमांड आणि विस्तार रोमन लिपीत टाइप करावे लागतात. नावे मात्र मराठीत ठेवता येतात. त्यांच्या खास अडचणी शेवटी येतील.

१. फाइलीचा पत्ता

फाइलीची ओळख नावाने पुरी होत नाही; ती कोणत्या फोल्डरांच्या आत आहे तो मार्गही लागतो. पाकिटावरच्या पत्त्यात आधी माणसाचे नाव येते, मग मु. पो., तालुका आणि जिल्हा. मार्गात हाच क्रम उलटा असतो: जिल्हा आधी, माणूस शेवटी आणि प्रत्येक पायरीला एक स्लॅश. एखाद्या दिवाळी अंकाच्या तयारीचे ‘अंक’ नावाचे फोल्डर घेऊ. त्यात पुढील फाइली आहेत:

लेख/०१-संपादकीय.टेक्स्ट
लेख/मसुदे/०१-संपादकीय.टेक्स्ट
छायाचित्रे/मुखपृष्ठ.जेपीजी
छायाचित्रे/आयएमजी_२०२४१०३१_०७.जेपीजी
छपाई.लॉग

पहिल्या दोन फाइलींचे नाव एकच आहे, मार्ग वेगळे. नुसत्या नावाशी जुळवणारा नमुना दोघींनाही पकडेल. मार्गाशी जुळवणारा त्यांच्यात फरक करू शकेल. शिवाय हे मार्ग ‘अंक’ या फोल्डरपासून मोजले आहेत. दुसऱ्या ठिकाणाहून मोजले तर तीच फाइल वेगळ्या मार्गाने ओळखली जाईल. म्हणून कोणताही नमुना वाचताना तो कुठे उभे राहून वाचला जातो आहे हे आधी पाहावे लागते.

२. चार खुणा

नमुन्यातल्या खुणा मोजक्या आहेत. तारका (*) म्हणजे कितीही अक्षरे, अगदी शून्यसुद्धा. ‘*.जेपीजी’ या नमुन्यात ‘.जेपीजी’ने संपणारे प्रत्येक नाव बसते. प्रश्नचिन्ह (?) म्हणजे नेमके एक अक्षर. चौकटी कंसात निवड देता येते: ‘०[१-५]-*’ म्हणजे शून्य, मग एक ते पाचपैकी एक अंक, मग आडवी रेघ आणि पुढे काहीही.

तारका आणि प्रश्नचिन्ह सहसा स्लॅश ओलांडत नाहीत. ‘लेख/*’ मध्ये लेख या फोल्डरमधल्या गोष्टी बसतात, पण ‘लेख/मसुदे/०१-संपादकीय.टेक्स्ट’ बसत नाही, कारण वाटेत आणखी एक स्लॅश आहे. तो ओलांडायला चौथी खूण आहे, जोडतारका (**). ‘लेख/**/*.टेक्स्ट’ म्हणजे लेख या फोल्डरखाली कितीही पायऱ्या उतरून सापडणाऱ्या टेक्स्ट फाइली. ‘कितीही’मध्ये शून्य पायऱ्याही येतात, त्यामुळे थेट ‘लेख’मध्ये असलेले संपादकीयही त्यात बसते.

जोडतारका सगळीकडे चालते असे मात्र नाही. शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम. लिनक्सवर सर्रास असणाऱ्या बॅश या शेलमध्ये ती ‘ग्लोबस्टार’ ही सोय सुरू केल्यावरच काम करते. सोय बंद असेल तर दोन तारका एका तारकेसारख्या वागतात आणि तक्रारही येत नाही. खुणा त्याच, पण वाचणारा बदलला की अर्थ बदलतो. पुढच्या प्रत्येक भागात हे भेटणार आहे.

टिंबाने सुरू होणारी नावे हा आणखी एक अपवाद. युनिक्सच्या शेलमध्ये नुसती तारका अशा फाइलींना वगळते. युनिक्सवर काम केलेले प्रोग्रॅमर रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये याचा उगम सांगितला होता. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘.’ (हेच फोल्डर) आणि ‘..’ (वरचे फोल्डर) या दोन नोंदी असतात. त्या यादीत दिसू नयेत म्हणून सुरुवातीच्या युनिक्समध्ये पहिले अक्षर टिंब असलेले प्रत्येक नाव गाळण्याचा सोपा मार्ग घेतला गेला. तपासणी थोडी आळशी होती, पण तिच्यातून ‘लपलेल्या फाइली’ ही कल्पनाच जन्माला आली. आज असंख्य प्रोग्रॅम आपल्या सेटिंगच्या फाइली टिंबामागे लपवतात.

३. तारकेचा अर्थ कोण लावतो?

‘*.जेपीजी’ असे लिहिल्यावर त्या तारकेच्या जागी खरी नावे कोण घालतो? १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये हे काम ‘ग्लोब’ नावाचा एक वेगळा छोटा प्रोग्रॅम करत असे. पुढे ते शेलच्या पोटात गेले. कमांड सुरू होण्याआधीच शेल तारका काढून तिथे जुळणाऱ्या नावांची यादी ठेवतो. कमांडला तारका दिसतच नाही, फक्त यादी मिळते. डॉस आणि विंडोजमध्ये उलटे आहे: तिथे तारका जशीच्या तशी कमांडच्या हाती जाते आणि तिचा अर्थ कमांड स्वतः लावते.

फरक बारीक वाटतो, पण नाव बदलताना तो निर्णायक ठरतो. विंडोजवर ‘रेन *.टेक्स्ट *.बॅक’ लिहिले की सगळ्या टेक्स्ट फाइलींचा विस्तार बदलतो. युनिक्सवर नाव बदलणारी कमांड एमव्ही, पण तिथे त्याच धर्तीने ‘एमव्ही *.टेक्स्ट *.बॅक’ लिहिणारा नवखा फसतो. समजा फोल्डरमध्ये ‘अ.टेक्स्ट’ ही एक आणि ‘ब.बॅक’ ही एक, अशा दोनच फाइली आहेत. शेल दोन्ही तारका सोडवतो आणि एमव्हीला मिळते: ‘एमव्ही अ.टेक्स्ट ब.बॅक’. एमव्ही निमूटपणे ‘अ’ला ‘ब.बॅक’ हे नाव देते, आणि जुन्या ‘ब.बॅक’मधला मजकूर नाहीसा होतो. फाइली जास्त असत्या तर शेवटचे नाव फोल्डरचे नाही अशी तक्रार येऊन काम थांबले असते. म्हणजे थोड्या फाइलींवर करून पाहिलेला ‘सुरक्षित’ प्रयोगच इथे जास्त धोक्याचा.

मोकळ्या जागेचीही अशीच गोष्ट. ‘आरएम *.बॅक’ ही कमांड जुन्या प्रती पुसते. तारकेनंतर चुकून एक जागा सुटली, ‘आरएम * .बॅक’ झाले, की आधी फोल्डरमधल्या सगळ्या साध्या फाइली पुसल्या जातात आणि मग ‘.बॅक’ नावाची फाइल सापडत नसल्याची तक्रार येते. तारका शेलने न सोडवता प्रोग्रॅमपर्यंत पोचावी असे वाटत असेल, तर नमुना अवतरणचिन्हांत घालावा लागतो.

४. वगळण्याची यादी

काही फाइली असतात, पण त्या मोजायच्या नसतात: तात्पुरत्या, यंत्राने तयार केलेल्या, खासगी. बॅकअप घेणारे, प्रती पाठवणारे, बदलांची नोंद ठेवणारे प्रोग्रॅम अशा फाइलींसाठी नमुन्यांची यादी मागतात. यांत सर्वांत परिचित यादी गिटची. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिले. आज बहुतेक प्रोग्रॅमर आपल्या कामातल्या बदलांची नोंद त्यात ठेवतात. ‘.गिटइग्नोर’ नावाच्या साध्या फाइलीत एका ओळीवर एक नमुना लिहायचा. # ने सुरू होणारी ओळ म्हणजे टीप. रिकाम्या ओळीला अर्थ नाही.

या यादीत स्लॅश कुठे आहे यावर सगळे अवलंबून असते. ‘*.लॉग’ मध्ये स्लॅश नाही, म्हणून तो कोणत्याही पातळीवरच्या लॉग फाइलीला लागू होतो. पत्त्याच्या भाषेत, कोणत्याही जिल्ह्यातल्या त्या नावाच्या माणसाला. ‘/छपाई.लॉग’ मध्ये स्लॅश सुरुवातीला आहे, म्हणून तो यादी ज्या फोल्डरमध्ये आहे तिथल्याच फाइलीला लागू. ‘लेख/मसुदे’ मध्ये स्लॅश मध्ये आहे. तोही नमुन्याला यादीच्या जागेशी बांधतो. ‘मसुदे/’ मध्ये स्लॅश फक्त शेवटी आहे. तो जागा बांधत नाही, एवढेच सांगतो की हे नाव फोल्डरचे असले पाहिजे. ‘मसुदे’ नावाची साधी फाइल असेल तर ती सुटते.

उद्गारचिन्ह (!) अपवाद सांगते, आणि सगळ्यात जास्त डोकी इथेच फुटतात. समजा, छायाचित्रे नोंदीत नकोत, पण मुखपृष्ठ हवे. सहज लिहिले जाते ते असे:

छायाचित्रे/
!छायाचित्रे/मुखपृष्ठ.जेपीजी

हे चालत नाही. पहिल्या ओळीने ‘छायाचित्रे’ हे फोल्डरच वगळले. वेळ वाचवण्यासाठी गिट वगळलेल्या फोल्डरच्या आत डोकावतच नाही, त्यामुळे मुखपृष्ठापर्यंत ते पोचत नाही आणि दुसरी ओळ वाया जाते. पहिल्या ओळीत एक तारका घातली की काम होते:

छायाचित्रे/*
!छायाचित्रे/मुखपृष्ठ.जेपीजी

आता फोल्डर उघडे आहे, वगळल्या आहेत त्या आतल्या गोष्टी, आणि त्यांतून एक परत घेतली आहे. हवी असलेली फाइल तीन फोल्डर खोल असेल तर वाटेतले प्रत्येक फोल्डर असेच उघडावे लागते.

आणखी एक गैरसमज नेहमी आढळतो. यादी फक्त नोंदीत नसलेल्या फाइलींना लागू होते. जी फाइल आधीच नोंदीत गेली आहे, तिचे नाव नंतर यादीत लिहून उपयोग नाही. ‘गिट आरएम --कॅश्ड’ या कमांडने तिला नोंदीतून आधी काढावे लागते. डिस्कवरची फाइल त्याने पुसली जात नाही. पण त्या फाइलीत पासवर्ड असेल तर जुन्या नोंदींमध्ये तो तसाच वाचता येतो. यादी पुढची दारे बंद करते, मागे जाऊन काही खोडत नाही.

एखादी फाइल का वगळली गेली हे कळेनासे झाले तर ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ या कमांडला तिचा मार्ग द्यावा. कोणत्या यादीतल्या कितव्या ओळीने तिला पकडले हे ती दाखवते. अंदाज लढवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

५. दोन नियम भांडले तर

एकाच फाइलीला दोन नियम लागू झाले आणि ते परस्परविरुद्ध असले, तर कोणाचे ऐकायचे? याला सर्वमान्य उत्तर नाही, आणि निरनिराळ्या प्रोग्रॅमांनी तीन वेगळी उत्तरे निवडली आहेत.

गिटमध्ये एका यादीतला शेवटचा जुळणारा नियम जिंकतो. आरसिंक या प्रती पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये (पहिली आवृत्ती १९९६) पहिला जुळणारा नियम जिंकतो आणि पुढचे वाचलेच जात नाहीत. आता ‘सगळी छायाचित्रे वगळा’ आणि ‘मुखपृष्ठ ठेवा’ हे दोन नियम याच क्रमाने लिहिले, तर गिट मुखपृष्ठ ठेवील आणि आरसिंक ते वगळील. गिटची यादी सामान्याकडून विशेषाकडे लिहायची, आरसिंकची विशेषाकडून सामान्याकडे. एकीकडची यादी उचलून दुसरीकडे चिकटवणाऱ्याला याचा पत्ता बहुधा बॅकअप उघडायची वेळ आल्यावर लागतो.

आरसिंकमध्ये फोल्डरांचा प्रश्न आहेच. ‘जेपीजी घ्या, बाकी सगळे वगळा’ असे दोनच नियम दिले तर ‘बाकी सगळे’मध्ये आतली फोल्डरेही येतात आणि त्यांच्यातली छायाचित्रे हुकतात. म्हणून सर्वांत आधी ‘*/’, म्हणजे सगळी फोल्डरे घ्या, असा नियम द्यावा लागतो.

तिसरे उत्तर संकेतस्थळांच्या ‘रोबोट्स.टेक्स्ट’ या फाइलीचे. शोधयंत्रांनी कोणती पाने वाचू नयेत हे सांगण्याची ही पद्धत १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी मांडली, आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या नावाने तिचे प्रमाण ठरले. त्यात क्रमाला महत्त्व नाही. ज्या नियमाचा जुळणारा मार्ग सर्वांत लांब तो जिंकतो. ‘/अंक/’ बंद आणि ‘/अंक/मुखपृष्ठ’ खुले असेल तर मुखपृष्ठ वाचले जाते, ओळी कशाही लावा. तिघांत हे सर्वांत समंजस वाटते, पण फाइलींच्या जगात ते फारसे रुजलेले नाही.

जागेचा प्रश्नही असाच विभागलेला आहे. प्रोग्रॅम त्यांच्या लवाजम्यासह बांधून देणाऱ्या डॉकर या साधनाची वगळण्याची यादी दिसायला गिटसारखीच आणि तिथेही शेवटचा नियम जिंकतो, पण ‘*.लॉग’ तिथे फक्त सर्वांत वरच्या फोल्डरला लागू होतो. सगळ्या पातळ्यांसाठी ‘**/*.लॉग’ लिहावे लागते.

६. नाव बदलणे: नमुन्याला स्मरणशक्ती लागते

वगळताना ‘जुळले की नाही’ एवढेच पुरते. नाव बदलताना तारकेच्या जागी नेमके काय बसले हेही लक्षात ठेवावे लागते, कारण नव्या नावात ते पुन्हा वापरायचे असते. एमएमव्ही या प्रोग्रॅममध्ये नमुन्यातल्या पहिल्या खुणेने पकडलेला मजकूर #१, दुसरीने पकडलेला #२ असा लिहितात. ‘आयएमजी_*_*.जेपीजी’ हा नमुना आणि ‘दिवाळी_#२_#१.जेपीजी’ हा साचा दिला, तर ‘आयएमजी_२०२४१०३१_०७.जेपीजी’चे ‘दिवाळी_०७_२०२४१०३१.जेपीजी’ होते. दोन तुकडे उचलले, जागा बदलून ठेवले.

नावात अधोरेषा जास्त असतील तर प्रश्न उभा राहतो. ‘आयएमजी_२०२४१०३१_०७_१.जेपीजी’मध्ये पहिली तारका तारखेवर थांबेल की ‘२०२४१०३१_०७’ एवढे गिळेल? दोन्ही वाटण्या नमुन्यात बसतात. अशा वेळी जास्त काटेकोर भाषा लागते: रेग्युलर एक्स्प्रेशन. तिचा गणिती पाया स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात घातला आणि केन टॉमसन यांनी १९६८ मध्ये ती मजकूर शोधण्यासाठी वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. ‘इथे नेमके आठ अंक’ असे तिच्यात सांगता येते. पण तिच्यातली तारका वेगळी आहे: ती ‘आधीचे चिन्ह कितीही वेळा’ असे सांगते आणि ‘कोणतेही एक अक्षर’ टिंबाने दाखवतात. साध्या नमुन्यातल्या ‘*’साठी तिथे ‘.*’ लिहावे लागते, आणि ती तारका मुळात हावरट असते, जमेल तेवढे गिळते. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेवर आधारलेली ‘रीनेम’ कमांड रेग्युलर एक्स्प्रेशनचीच भाषा बोलते.

नाव बदलताना खरा धोका टकरीचा. लेख ०१ ते १२ असे क्रमांकित आहेत आणि नवा लेख सर्वांत आधी घालायचा आहे, म्हणून प्रत्येकाचा क्रमांक एकने वाढवायचा. सुरुवातीपासून गेले तर ०१ चे ०२ होते आणि मूळचा ०२ चिरडला जातो. शेवटपासून गेले, १२ चे १३, मग ११ चे १२, तर काही बिघडत नाही. दोन नावांची अदलाबदल करायला सहसा तिसरे तात्पुरते नाव लागते. ‘फोटो.जेपीजी’ आणि ‘फोटो (१).जेपीजी’ यांतून कंस काढून टाकणारा नियम दोघींना एकाच नावावर आणून सोडतो. एमव्हीला ‘-एन’ हा पर्याय दिला तर ती असलेली फाइल चिरडत नाही. पर्लवाल्या रीनेमला तोच पर्याय दिला तर ती काहीही न बदलता फक्त काय बदलले असते ते दाखवते. एकच अक्षर, दोन अर्थ. बहुतेक चांगल्या साधनांत अशी रंगीत तालीम करण्याची सोय असते आणि ती न वापरण्याला सबब नाही.

क्रमांकात आधीचे शून्य का ठेवतात याचेही उत्तर इथेच आहे. नावे अक्षरवार लावली तर १ नंतर १० येतो आणि मग २. काही फाइल-व्यवस्थापक आकडे ओळखून लावतात, शेल तसे करत नाही.

नाव बदलल्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते. वगळण्याचा नियम फाइलीला चिकटलेला नसतो, नावाला चिकटलेला असतो. ‘मसुदे’ फोल्डरचे नाव ‘कच्चे-लेख’ केले की ‘मसुदे/’ ही ओळ निकामी होते आणि आजवर दडलेले सगळे मसुदे पुढच्या नोंदीत जायला मोकळे होतात. गिट स्वतःही नाव बदलल्याची नोंद ठेवत नाही. एक फाइल गेली आणि तिच्याशी निदान ५० टक्के जुळणारी दुसरी आली, तर ‘नाव बदलले असावे’ असा तर्क ते करते. म्हणून नाव बदलणे आणि मजकूर बदलणे ही कामे वेगवेगळ्या नोंदींत करण्याची शिस्त अनेक गटांत पाळतात.

७. मराठी नावांच्या अडचणी

‘?’ म्हणजे एक अक्षर, पण कोणाच्या मोजणीने? ‘किल्ला’ या शब्दात डोळ्याला दोन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने ती सहा चिन्हे आहेत: क, वेलांटी, ल, हलन्त, ल, काना. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण अठरा. चिन्हे मोजणाऱ्या शेलमध्ये ‘किल्ला’साठी सहा प्रश्नचिन्हे लागतात, बाइट मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अठरा. मराठी नावांसाठी ‘?’ न वापरता ‘*’ वापरणे श्रेयस्कर. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलपद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे. नागरीत ती ८५ चिन्हांवर संपते, हे लांबलचक नावे देणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. इंग्रजी अंकांसाठी लिहिलेल्या शून्य-ते-नऊच्या कंसात नागरी अंक बसत नाहीत. आणि गिट मूळ सेटिंगमध्ये मराठी नाव बॅकस्लॅश आणि आकड्यांच्या माळेत छापते, ‘कोअर.क्वोटपाथ’ बंद केल्यावर ते वाचता येते.

सर्वांत फसवी अडचण ‘वऱ्हाड’सारख्या शब्दांची. त्यातला अर्धा र तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, साधा र, नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटू शकतात. नमुना मात्र चिन्हे जुळवतो, आकार नाही, त्यामुळे ‘वऱ्हाड*’ लिहूनही डोळ्यांसमोरची फाइल निसटते. युनिकोडच्या नियमांनुसार पहिली दोन रूपे समान मानली जातात, आणि प्रमाणरूप करणारी साधने त्यांना एक करतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलपद्धत तर नावे सुट्या रूपातच साठवत असे. जोडचिन्हाचे तिसरे रूप समान मानले जात नाही, त्यामुळे प्रमाणरूप करूनही ते वेगळेच राहते.

त्यावर उपाय पुन्हा नाव बदलण्याच्या नियमाचाच: ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हा क्रम दिसेल तिथे ‘ऱ, हलन्त’ घालणारी एक ओळ सगळ्या फोल्डरवर चालवायची. ती आधी तालमीपुरती चालवावी, कारण एकाच फोल्डरमध्ये दोन्ही रूपांतली ‘वऱ्हाड.टेक्स्ट’ शेजारी शेजारी असू शकते आणि नियम लागू होताच त्यांची टक्कर होते.